गाडी द्यावी, ओझं देऊ नये
जुनी छोटी मोटार संस्थेला देताना

२३ मार्च २००९ रोजी मरीन ड्राइव्हच्या पारसी जिमखान्यात रतन टाटांनी नॅनो विक्रीसाठी खुली केली. ठाकूरद्वारहून पायी जाता येईल इतकं ते मैदान जवळ. दोन लाखांवर लोकांनी गाडी नोंदवली, पहिल्या लाखभर गाड्या सोडतीने वाटायच्या ठरल्या आणि त्याच वर्षी १७ जुलैला मुंबईतच पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली पडली. लांबी जेमतेम ३.१ मीटर, इंजिन ६२४ सीसीचं, सिलिंडर दोन. गिरगावातल्या वाडीत किंवा लालबागच्या चाळीच्या चौकात जिथे दुसरी कुठलीही मोटार वळत नसे, तिथे ही वळली. पावसात स्कूटरवर चौघं भिजत जाणाऱ्या घरांची ती पहिली मोटार होती.

त्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत किंवा होत आल्या आहेत. मुलं ठाण्याला, पुण्याला गेली. इमारत पुनर्विकासाला गेली. गाडी चौकात कव्हराखाली उभी, आठवड्यातून एकदा कोणीतरी सेल मारून बघतं. विकायला गेलं तर दलाल सांगतो तो आकडा ऐकून जीव तुटतो. मग एक दिवस घरात कोणीतरी म्हणतं, "एवढ्याशा पैशांसाठी विकायची कशाला? एखाद्या संस्थेला देऊन टाकू, रुग्णांच्या उपयोगी पडेल." १९८३च्या डिसेंबरात आलेल्या आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या मारुती ८००च्या मालकांच्या घरातही हेच बोलणं होतं.

विचार मनापासूनचा आहे आणि तो पार पाडता येतो. पण त्यातली एक गोष्ट आमच्या घराला फार उशिरा कळली. २०१७ साली माझ्या मामांनी दादरची त्यांची मारुती एका संस्थेला दिली. नारळ फोडला, किल्ली दिली, संस्थेच्या लेटरहेडवर आभाराच्या दोन ओळी घेतल्या. पुढचं "ते बघतील" असं आम्ही धरून चाललो आणि "हे बघतील" असं त्यांनी. आठ-नऊ महिन्यांनी मामांच्या मोबाइलवर ई-चलन आलं, मग दुसरं, मग तिसरं. कागदोपत्री गाडी मामांचीच होती. दंड भरून सुटला. पण त्या आठ महिन्यांत त्या गाडीखाली कोणी सापडलं असतं तर काय, या विचाराने मामांना कित्येक रात्री झोप लागली नाही. किल्ली दिल्याने दान पुरं होत नाही. आरसीवरचं नाव बदललं की होतं. आणि दान घेणाऱ्याच्या कामाला आलं नाही तर आपण फक्त आपलं ओझं त्याच्या दारात नेऊन ठेवलेलं असतं. या लेखातलं सगळं सांगणं या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी विचारा: गाडी हवी, पैसे हवे की तुमचा वेळ?

आपल्या भागात सेवेची जागा शोधायला लांब जावं लागत नाही. परळला १९२६ पासून केईएम आहे, १९२९ पासून मुलांचं वाडिया आहे, १९४१ पासून टाटा मेमोरियल आहे. देशभरातून येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना राहायला-जेवायला आसरा देणाऱ्या संस्था या रुग्णालयांच्या आसऱ्यानेच वाढल्या. नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही त्यातली सर्वांच्या ओळखीची नावं. दादरला अंधशाळा आहे, परळला प्राण्यांचं रुग्णालय आहे, लालबाग-गिरगावात वर्षभर वैद्यकीय मदतीचं काम करणारी गणेशोत्सव मंडळं आहेत. ही नावं केवळ कामाचा अंदाज यावा म्हणून दिली. यातल्या कोणाला गाडी हवीच असेल असं नाही. म्हणून दारात गाडी घेऊन जाण्याआधी फोन करा, व्यवस्थापकांना भेटा आणि चार प्रश्न विचारा.

चालवणार कोण? संस्थेकडे पगारी चालक किंवा नियमित येणारा स्वयंसेवक नसेल तर गाडी तिथेही कव्हराखालीच राहणार.

उभी कुठे राहणार? परळमध्ये जागेचा प्रश्न सगळ्यात आधी येतो. रस्त्यावर लावलेली गाडी टो झाली तर तो खर्च देणगीच्या पैशातून जातो.

तिच्यातून कोण किंवा काय जाणार? भायखळ्याच्या मंडईतून भाजी आणायची, घरोघरी जाणारी परिचारिका न्यायची की रुग्णाला दादर स्टेशनवर सोडायचं, यावर कोणती गाडी उपयोगाची ते ठरतं.

वर्षाचा खर्च कोणत्या खात्यातून निघणार? १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा नुसता थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये आणि वर जीएसटी इतका आहे. त्यात पीयूसी, ऑइल, बॅटरी, टायर, पेट्रोल आणि चालकाचा पगार धरा. फुकट मिळालेल्या गाडीचा महिन्याचा खर्च छोट्या संस्थेला झेपतोच असं नाही.

ही उत्तरं मिळाली की तुमच्यासमोर तीन वाटा उरतात. संस्थेला गाडी खरोखर हवी असेल तर गाडी द्या. नको असेल तर विकून चेक द्या. तिसऱ्या वाटेचा विचार फारसा कोणी करत नाही: गाडी आपल्याच नावावर ठेवून आठवड्यातली एक सकाळ द्या. केमोथेरपीनंतर माणसाची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते, गर्दीच्या लोकलमध्ये जंतुसंसर्गाची भीती असते. अशा दोन-तीन रुग्णांना दर मंगळवारी धर्मशाळेतून रुग्णालयात आणि परत नेऊन सोडणारा निवृत्त माणूस संस्थेला जुन्या गाडीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. फक्त पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून भाडं घेता येत नाही, तेव्हा पेट्रोलचे पैसेही रुग्णाकडून घेऊ नका.

एक वाट मात्र मुळातच बंद आहे. "केईएमला देऊ" असं पुष्कळांच्या तोंडी येतं. केईएम महापालिकेचं आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकार, महापालिका आणि सरकारी उपक्रमांच्या नावावरच्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर चालू ठेवता येत नाही. जुनी गाडी घ्यायची तर खासगी धर्मादाय संस्थाच घेऊ शकते.

गाडीकडे परक्याच्या नजरेने बघा

आपल्या गाडीचे दोष आपल्या अंगवळणी पडलेले असतात. चोक थोडा ओढला, क्लच जरा जास्त दाबला की चालते, हे आपल्याला माहीत. संस्थेच्या चालकाला नाही. म्हणून देण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन एक सकाळ घालवा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनवर सेल मारा. केम्प्स कॉर्नरचा चढ दुसऱ्या गिअरवर चढवा. तिथे क्लच प्लेट खरं बोलते. उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतो का बघा. पेट्रोलचे रबरी पाइप तडकले असतील तर ते बदलूनच द्या, यात काटकसर नको.

हिंदमाता किंवा लालबागच्या पाण्यात कधी गाडी बुडाली असेल तर पायाखालचं मॅटिंग उचला. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचा तळाचा पत्रा आतून सडलेला निघतो. स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचून बघा. पत्रा खपलीसारखा निघाला तर त्या गाडीत रुग्णाला बसवायचं नाही. असल्या गाडीसाठी दुसरी वाट आहे, ती पुढे सांगितली आहे.

नॅनोबद्दल दोन गोष्टी खास. तिचं छत उंच आणि सीट गुडघ्याच्या पातळीवर, त्यामुळे गुडघेदुखीच्या माणसाला चढता-उतरता येतं. वयस्क रुग्णासाठी हा मोठा गुण. पण २०१५ साली नवी आवृत्ती येईपर्यंत तिचं मागचं दार उघडतच नव्हतं. इंजिन मागे, सामान ठेवायचं तर मागच्या सीटची पाठ पाडून आतूनच. म्हणजे घडीची व्हीलचेअर ठेवायची असेल तर मागे रुग्णाला बसायला जागा राहत नाही. संस्थेला व्हीलचेअरवरचे रुग्ण न्यायचे असतील तर तुमची २०१२ची नॅनो कितीही चांगली असली तरी त्यांच्या कामाची नाही. तीच गाडी घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेला आणि तिच्या औषधांच्या पेटीला मात्र उत्तम. दुसरी गोष्ट, २०१० साली काही नॅनो पेटल्यानंतर कंपनीने सुरुवातीच्या गाड्यांना सायलेन्सर आणि वायरिंगसाठी जादा संरक्षण मोफत बसवून दिलं होतं. तुमची गाडी त्या काळातली असेल तर ते काम झाल्याची नोंद सर्व्हिस बुकात आहे का बघा आणि ते बुक गाडीबरोबर द्या.

जे दोष राहतील ते कागदावर लिहून द्या. "एसी चालत नाही, मागची डावी काच अर्धीच उतरते, पुढचे टायर अजून वर्षभर जातील." असा प्रामाणिक कागद संस्थेला फार उपयोगी पडतो.

चौदाव्या वर्षी द्या, सोळाव्या नको

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात दाखवून, नमुना २५ भरून, पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. रोजच्या भाषेत आपण त्याला पासिंग म्हणतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीची नूतनीकरणाची फी पाच हजार रुपये आहे, वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून त्याहून जास्त. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

म्हणून द्यायची असेल तर चौदाव्या वर्षी द्या. संस्थेला वर्षभर गाडी वापरून बघता येते आणि पुढचं पासिंग करण्याइतकी ती उपयोगाची आहे का ते त्यांचं त्यांना ठरवता येतं. पंधरा वर्षं उलटून गेलीच असतील तर पासिंग, पर्यावरण कर आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट हा सगळा खर्च आपण करा आणि मगच गाडी द्या. २०१९च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना ती नंबरप्लेट महाराष्ट्रात सक्तीची आहे. एवढा खर्च करायची इच्छा नसेल तर संस्थेवरही तो टाकू नये.

कागद: इथे घाई नको

गिरगाव ते दादर-लालबाग या पट्ट्यातल्या बहुतेक गाड्यांवर एमएच-०१ असतं, म्हणजे काम ताडदेवच्या कार्यालयाचं. बरंचसं काम परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून सुरू करता येतं. क्रम असा ठेवा.

पहिलं, आरसीवर नाव कोणाचं ते नीट वाचा. पुष्कळ घरांत गाडी अजून वडिलांच्या नावावर असते आणि वडील गेलेले असतात. मृताच्या नावावरची गाडी थेट संस्थेला देता येत नाही. आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करा. कायद्याने हे तीन महिन्यांत व्हायला हवं. इतर वारसांची लेखी संमती घ्या. भावाभावांत मागाहून कटुता येऊ नये यासाठीही ती हवी.

दुसरं, कर्जाचा बोजा. हप्ते दहा वर्षांपूर्वी फिटले तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. बँकेकडून नमुना ३५ आणि ना-हरकत पत्र घेऊन ते उतरवा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर याला महिना-दीड महिना लागू शकतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी धरा.

तिसरं, राहिलेली चलनं भरा. गाडीचा नंबर टाकून ती मोबाइलवर दिसतात.

चौथं, संस्थेचे कागद मागा: नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा, आणि "अमुक क्रमांकाची मोटार देणगी म्हणून स्वीकारावी व अमुक विश्वस्तांनी सह्या कराव्यात" असा विश्वस्त मंडळाचा ठराव. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्था १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. आयुक्तांचं कार्यालय वरळीला आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नका, चांगल्या संस्थेला त्याचं वाईट वाटत नाही. गाडी संस्थेच्याच नावावर व्हायला हवी, एखाद्या विश्वस्ताच्या किंवा चालकाच्या नव्हे. "तात्पुरती माझ्या नावावर करू" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

पाचवं, नाव बदलण्याचे नमुने २९ आणि ३०. देणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं असतं. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून मोकळं होऊ नका. तारीख, नंबर, संस्थेचं नाव सगळं आपल्या डोळ्यांदेखत भरा. हे इतकं ताणून का सांगते, त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हात बदलली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीवर आहे.

सहावं, विमा. गाडीबरोबर विमाही संस्थेच्या नावावर व्हायला हवा. त्यासाठी त्यांनी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा. तुमचा नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर कामी येतं. फास्टॅगही बंद करा, नाहीतर सी-लिंकचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील.

करसवलत: गैरसमज नको

"गाडी दिली की ८०-जीची पावती मिळेल" हा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. ८०-जीची सवलत फक्त पैशाच्या देणगीला मिळते. वस्तूच्या देणगीला, मग ती मोटार असो की धान्य, मिळत नाही. गाडीच्या अंदाजे किमतीची पावती फाडून देतो असं कोणी म्हणालं तर तशी पावती घेऊ नका.

सवलत हवी असेल तर सरळ मार्ग आहे. गाडी विका आणि आलेले पैसे चेकने किंवा ऑनलाइन संस्थेला द्या. रोख दोन हजारांपर्यंतच चालते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेवर सवलत मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. संस्थेकडून नमुना १०-बीईचं प्रमाणपत्र मागा. घरगुती वापराची मोटार विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. संस्थेला गाडीची गरज नसेल तर हाच मार्ग दोघांच्या हिताचा. विकतानाही नाव बदलण्याचे वर सांगितलेले सगळे नियम तसेच लागू होतात.

गाडीचं आयुष्य संपलं असेल तर

सडलेल्या पत्र्याची, पासिंग न होणारी गाडी संस्थेला देऊ नये आणि ओळखीच्या भंगारवाल्यालाही देऊ नये. तिचा नंबर आणि चासी क्रमांक दुसऱ्याच कुठल्या गाडीवर फिरू लागला तर निस्तरताना नाकी नऊ येतात. सप्टेंबर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार वाहनं मोडीत काढणारी सरकारमान्य केंद्रं आहेत. तिथे गाडी दिली की भंगाराची किंमत मिळते आणि जमा प्रमाणपत्रही मिळतं. ते दाखवून नवी खासगी मोटार घेतली तर नोंदणी फी माफ होते आणि वाहन करातही सवलत मिळते. नवी गाडी घ्यायची नसेल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं. नंतर नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा आणि आलेली रक्कम संस्थेच्या खात्यात भरा. कॅन्सरच्या रुग्णासोबत गावाहून आलेल्या कुटुंबाच्या कित्येक जेवणांची सोय एका मेलेल्या गाडीतून होते, हे काही कमी पुण्य नाही.

मोटार मेकॅनिक शिकवणाऱ्या प्रशिक्षण संस्थांनाही विचारून बघा. मुलांना खोलून जोडायला खरं इंजिन लागतं. इंजिन मागे असलेली नॅनो त्यांना वेगळं काही शिकवते. मात्र तिथेही आधी नोंदणी रद्द, मग गाडी.

देण्याचा दिवस

शक्य असेल तर संस्थेच्या चालकाला बाजूला बसवून त्यांच्या दारापर्यंत गाडी तुम्ही स्वतः चालवत न्या. टाकी भरून द्या. दोन्ही किल्ल्या, स्टेपनी, जॅक, पाना, सर्व्हिस बुक, विमा, पीयूसी आणि मेकॅनिकचा फोन नंबर एका पिशवीत. डॅशबोर्डचा खण रिकामा करा; जुन्या पावत्या आणि आधारची झेरॉक्स तिथेच निघते. मीटरचा आकडा, तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सहीचं ताबापत्र करा. त्या मिनिटानंतरच्या चलनाचा वाद झाला तर हाच कागद बोलतो. आणि पहिल्या वर्षाचा विमा व एक सर्व्हिसिंग आपल्याकडून द्या. गाडी जुनी असली तरी तिच्याबरोबर वर्षभराची निश्चिंती जाते.

मामांच्या मारुतीचं नाव अखेर आम्ही त्या संस्थेच्या माणसांबरोबर बसून बदललं. त्यांनाही ते हवंच होतं, फक्त कसं करायचं ते दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं. पुढे आमच्या नॅनोची वेळ आली, तेव्हा मामांनी एकच सांगितलं: नव्या आरसीची प्रत हातात पडेपर्यंत पेढे वाटायचे नाहीत. ती आली सात आठवड्यांनी. मालकाच्या रकान्यात संस्थेचं नाव होतं. मामांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि मग मला खाली पाठवलं, पेढे आणायला.